इंजिनिअरांची कायदेशीर नोंदणी कशी सुरू झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरची डिग्री असताना वेगळी नोंदणी कशासाठी?

डिग्रीवरून कळतं की या माणसाने अभ्यासक्रम पूर्ण केला. नोंदणीचा अर्थ यापेक्षा वेगळा आहे. ज्या कामावर लोकांचे जीव अवलंबून असतात ते स्वतःच्या सहीने करायची मुभा या माणसाला कायद्याने दिलेली आहे, आणि कामात कसूर झाली तर ती काढूनही घेता येते. माझ्या मते सगळं महत्त्व या शेवटच्या भागात आहे. पूल पडला म्हणून विद्यापीठ कधी डिग्री परत मागत नाही. व्यावसायिक संस्थेने सदस्यत्व काढून घेतलं, तरी नोंदणीचा कायदा नसेल तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडे नकाशे काढायला बसू शकतो.

वैधानिक नोंदणीत साधारण चार गोष्टी असतात: कायदेमंडळाने केलेला कायदा, त्याखाली नेमलेलं मंडळ, कुणालाही पाहता येईल अशी नोंदवही, आणि नोंद नसताना काम केल्यास शिक्षा.

कायदे येण्यापूर्वी इंजिनिअर कुणाला म्हणायचे?

जो स्वतःला म्हणवून घेईल त्याला. ब्रिटनमध्ये 1818 मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स स्थापन झाली आणि 1828 मध्ये तिला राजसनद मिळाली. तिचं सदस्यत्व मिळणं मानाचं होतं, पण ते नसलं तरी काम कुणी अडवत नव्हतं. कालवे, रेल्वे, बोगदे, धरणं हा एकोणिसाव्या शतकातला सारा पसारा अशाच लोकांनी उभारला. कुणी गवंड्याच्या हाताखाली शिकलेलं होतं, कुणी सैन्यात, कुणी साखळी धरून जमीन मोजता मोजता. त्यांच्यातले कित्येक असामान्य होते, ते मान्यच केलं पाहिजे. प्रश्न बाकीच्यांचा होता. ते ओळखायचे कसे, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं.

डॉक्टरांच्या बाबतीत हा विचार बराच आधी झाला होता. ब्रिटनचा मेडिकल अ‍ॅक्ट 1858 चा. अमेरिकेत डॉक्टरांना परवाना सक्तीचा करायचा अधिकार राज्यांना आहे का, हा वाद 1889 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ या खटल्यात न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. इंजिनिअरांसाठीचे तिथले कायदे पुढे याच पायावर उभे राहिले.

जगातला पहिला कायदा कोणता?

बहुतेक ठिकाणी 1907 चा वायोमिंगचा कायदा असं उत्तर मिळतं. पण कॅनडातल्या मॅनिटोबाने 1896 मध्ये आणि क्यूबेकने 1898 मध्ये सिव्हिल इंजिनिअरांसाठी कायदे केले होते. व्यवहारात त्यांचा वचक फारसा बसला नाही, म्हणून त्यांची आठवण कमी निघते. तेव्हा ‘अमेरिकेतला पहिला’ म्हटलं तर वायोमिंग बरोबर आहे. ‘जगातला पहिला’ म्हणताना हात जरा आखडता घ्यावा.

वायोमिंगची गोष्ट मात्र मुळातून ऐकण्यासारखी आहे. तिथे कायद्याचं निमित्त कुठली दुर्घटना नव्हती, पाणी होतं. कोरडा मुलूख. नदीचं पाणी शेतीसाठी उचलायचं तर राज्याकडे अर्ज करायचा आणि सोबत मोजणीचा नकाशा जोडायचा. राज्याचे मुख्य इंजिनिअर क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्या टेबलावर हे नकाशे येत. त्यांच्या लक्षात आलं की नकाशाखाली ‘इंजिनिअर’ म्हणून सह्या ठोकणाऱ्यांत वकील आहेत, नोटरी आहेत, मोजणीशी कधी संबंध न आलेली माणसंही आहेत. नकाशा चुकला तर एका शेतकऱ्याच्या हक्काचं पाणी दुसऱ्याच्या चरात जाणार आणि भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालणार. जॉन्स्टन यांनी विधेयक मांडलं: इंजिनिअर किंवा भूमापक म्हणून लोकांपुढे यायचं असेल तर राज्याच्या मंडळापुढे पात्रता सिद्ध करा. त्याच वर्षी चार्ल्स बेलामी हे अमेरिकेतले पहिले परवानाधारक इंजिनिअर झाले.

1908 मध्ये लुइझियानाने असाच कायदा केला. इलिनॉयने 1915 मध्ये फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरांसाठी वेगळा परवाना काढला. 1920 मध्ये राज्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन परिषद स्थापली. तीच आज परीक्षा घेणारी एनसीईईएस. 1950 पर्यंत अमेरिकेत एकही राज्य कायद्याशिवाय उरलं नव्हतं.

क्यूबेकचा पूल कोसळला म्हणून कॅनडात नोंदणी आली, हे खरं का?

अर्धं खरं. आधी पुलाचं काय झालं ते पाहू.

सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सर्वांत लांब कँटिलिव्हर पूल (दोन्ही काठांकडून हात पुढे काढत मध्ये जोडलेला) बांधायचा होता. सल्लागार होते थिओडोर कूपर, त्या काळचं मोठं नाव. मधला गाळा 1,600 फुटांचा होता, तो 1,800 फूट करायचं ठरलं. लांबी वाढली, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब नव्याने मांडला गेला नाही. खरं वजन बरंच जास्त आहे हे ध्यानात आलं तोवर पुष्कळसं पोलाद तयार झालं होतं, आणि वाढलेला ताण कूपर यांनी तसाच चालवून घेतला. प्रकृतीमुळे ते न्यूयॉर्क सोडत नसत. साइटवर त्यांचा एक तरुण सहायक असे. ऑगस्ट 1907 मध्ये खालच्या बाजूच्या एका मुख्य दांड्याला आलेला बाक दोन इंचांच्या पुढे गेला. सहायक स्वतः न्यूयॉर्कला गेला. मोजमापं पाहून कूपर यांनी आणखी भार टाकू नका अशी तार केली, पण ती पोलाद बनवणाऱ्या कंपनीकडे. साइटवरचं काम चालूच राहिलं. 29 ऑगस्टला संध्याकाळी, कामाची पाळी संपायच्या बेतात असताना, पूल नदीत कोसळला. 75 कामगार गेले. त्यांतले 33 काह्नावाके या मोहॉक आदिवासींच्या एकाच वस्तीतले होते.

चौकशी आयोगासमोर जे चित्र आलं त्यात गणिताच्या चुकीइतकीच दुसरी गोष्ट ठळक होती: काम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, हे साइटवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण कॅनडातल्या कायद्यांची लाट आली 1920 मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. आल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया, मॅनिटोबा, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि क्यूबेक या प्रांतांनी त्या एकाच वर्षात कायदे केले. ऑन्टारियोने 1922 मध्ये. त्याआधी इंजिनिअरांच्या संस्थेने नमुना कायदा तयार करून दिला होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या इंजिनिअरांना आपला पगार, आपलं समाजातलं स्थान यांची चिंता होती आणि कायद्यामागची ढकलशक्ती मुख्यतः ती होती. पुलाची आठवण पाठीशी होती, इतकंच.

तिथले इंजिनिअर करंगळीत घालतात ती लोखंडी अंगठी या पुलाच्या लोखंडाची असते, असंही सांगितलं जातं. ती दंतकथा आहे. अंगठीचा विधी 1925 मध्ये सुरू झाला आणि त्याचा नोंदणीशी कायदेशीर संबंध काहीही नाही.

माणसं मेल्याशिवाय कायदा होतच नाही का?

वायोमिंगसारखे अपवाद आहेत. बाकीचा इतिहास वाचताना मात्र मन विषण्ण होतं. दोन प्रसंग सांगतो.

कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण. लॉस एंजेलिसला पाणी आणणारे विल्यम मलहॉलंड यांनी ते बांधलं. ते कोणत्याही कॉलेजात शिकलेले नव्हते, स्वतःच्या हुशारीवर वर आले होते आणि शहरात त्यांना प्रचंड मान होता. बांधकाम चालू असताना धरणाची उंची दोनदा, दर वेळी दहा फुटांनी वाढवण्यात आली. पाया रुंद केला नाही. 12 मार्च 1928 रोजी सकाळी राखणदाराने गढूळ पाणी झिरपत असल्याचं कळवलं. मलहॉलंड येऊन पाहून गेले आणि धोका नाही म्हणाले. मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटलं. मृतांचा आकडा चारशेच्या पुढे गेला. धरण ज्या डोंगरकडेला टेकलं होतं ती मुळात प्राचीन काळी घसरून आलेल्या दरडीची होती. त्या काळी ते ओळखणं अवघड होतं. तरी चौकशीत निष्कर्ष निघाला की माणूस कितीही थोर असो, एवढं मोठं धरण एकाच्या मतावर सोडता कामा नये. 1929 मध्ये कॅलिफोर्नियाने धरणांवर सरकारी देखरेख आणली आणि सिव्हिल इंजिनिअरांची नोंदणीही.

दुसरा प्रसंग टेक्ससमधल्या न्यू लंडनच्या शाळेचा. तेलाचा श्रीमंत प्रदेश, नवी शाळा. गॅसचं बिल वाचवायला म्हणून तेलविहिरींतून फुकट मिळणाऱ्या उरलेल्या गॅसच्या लाइनला जोडणी करून घेतलेली. त्या गॅसला वास नसतो. तो गळत राहिला आणि इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. 18 मार्च 1937 रोजी दुपारी तीनच्या थोडं नंतर, शाळा सुटायच्या वेळेला, वर्गातल्या एका लाकूड घासायच्या यंत्राचं बटण दाबलं गेलं आणि ठिणगी पडली. जवळजवळ तीनशे जण मेले, बहुतेक मुलं. त्याच वर्षी टेक्ससने इंजिनिअर नोंदणीचा कायदा केला. गॅसमध्ये उग्र वास मिसळण्याची सक्तीही तेव्हाच आली.

सही-शिक्क्याला इतकं महत्त्व का?

कारण शिक्का मारला की ‘हे माझ्या ऑफिसातल्या पोराने केलं’ म्हणायची सोय उरत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचं. हॉटेलच्या उंच दालनात एकावर एक लटकते पादचारी पूल होते. मूळ आराखड्यात छतापासून निघालेल्या अखंड सळया चौथ्या मजल्यावरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या पुलापर्यंत पोचत होत्या. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं त्रासाचं, म्हणून त्याऐवजी दोन तुकडे करायचे ठरले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. कागदावर अगदी किरकोळ बदल. पण आता खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लोंबकळू लागला आणि तुळईखालच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. मुळातला जोडही नियमात बसणारा नव्हताच. वर्कशॉपच्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का पडला. त्या जोडाचं गणित कुणी केलंच नाही. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी नाचगाण्याच्या कार्यक्रमाला गर्दी असताना दोन्ही पूल खाली आले. 114 माणसं गेली.

फौजदारी खटला उभा राहिला नाही, पण मिसुरीच्या नोंदणी मंडळाने संबंधित इंजिनिअरांचे परवाने रद्द केले. गणित पोलाद बनवणाऱ्याने करायचं असतं, हा बचाव टिकला नाही. ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी, हे तत्त्व तिथे इतकं स्पष्ट झालं की आजही इंजिनिअरिंगच्या नीतिशास्त्राच्या वर्गात हाच जोड फळ्यावर काढून दाखवतात.

कायदा नावाला संरक्षण देतो की कामाला?

देशोदेशी वेगवेगळं आहे, आणि नोंदणीच्या कायद्यात वाचकाने सर्वांत आधी हेच तपासावं. काही कायदे म्हणतात, नोंद नसेल तर अमुक नाव लावू नका. काही म्हणतात, नोंद नसेल तर अमुक काम करू नका.

फ्रान्सने 1934 मध्ये ‘डिप्लोमाधारक इंजिनिअर’, म्हणजे मान्यताप्राप्त पदवी असलेला इंजिनिअर, या उपाधीला संरक्षण दिलं, कामाला नाही. जर्मनीत राज्यांनी 1970 च्या आसपास ‘इंजिनिअर’ ही उपाधी राखून ठेवली. इटलीचा 1923 चा कायदा नाव आणि व्यवसाय दोन्हींना धरतो. ब्राझीलने 1933 मध्ये इंजिनिअर, वास्तुविशारद आणि भूमापक या तिघांना एका हुकमात बांधलं.

निव्वळ नाव राखणारा कायदा मला अपुरा वाटतो. पाटीवरचा शब्द बदलून तेच काम चालू ठेवता येतं, आणि राहणाऱ्याला त्या शब्दाशी काही देणंघेणं नसतं. त्याला स्लॅब टिकायला हवा असतो. भारतातल्या वास्तुविशारदांच्या 1972 च्या कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेच स्पष्ट केलं: बंदी ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावण्यावर आहे, ते काम करण्यावर नाही.

ब्रिटनमध्ये इतक्या जुन्या संस्था असूनही कायदा का नाही?

बहुधा जुन्या संस्था होत्या म्हणूनच. आपलं घर आपणच सांभाळू, सरकारची गरज नाही, ही तिथली वृत्ती. सर माँटी फिनिस्टन यांच्या समितीने 1980 मध्ये कायद्याने स्थापलेलं प्राधिकरण आणि नोंदवही सुचवली. संस्थांनी विरोध केला. सरकारने 1981 मध्ये राजसनदेवर इंजिनिअरिंग कौन्सिल स्थापन करून विषय मिटवला. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी तिथे राखीव आहे, पण निव्वळ ‘इंजिनिअर’ कुणीही म्हणवून घेऊ शकतो.

याला एक जुना अपवाद आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. 2 नोव्हेंबर 1925 रोजी वेल्समध्ये आयगियाऊ धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खालचं धरण गेलं आणि डोलगॅरोग गावातली 16 माणसं मेली. 1930 च्या कायद्याने मोठे जलाशय फक्त सरकारी यादीतल्या सिव्हिल इंजिनिअरांनीच बांधायचे आणि किमान दहा वर्षांतून एकदा तपासायचे असं ठरलं. धरणांपुरती का होईना, वैधानिक नोंदणी तिथे तेव्हापासून आहे.

आशियात काय झालं?

जपानने 1957 मध्ये कायदा केला, मलेशियाने 1967 मध्ये, सिंगापूरने 1970 मध्ये, पाकिस्तानची इंजिनिअरिंग कौन्सिल 1976 पासूनची, श्रीलंकेचा कायदा 2017 चा.

यांत सिंगापूरचा अनुभव डोळे उघडणारा आहे. कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी तिथे एक सहा मजली इमारत उभी राहिली. 15 मार्च 1986 रोजी ती, म्हणजे हॉटेल न्यू वर्ल्ड, मिनिटभरात जमीनदोस्त झाली, 33 मृत. चौकशीत निघालं की आतल्या माणसांचं, सामानाचं वजन धरलं होतं, पण इमारतीचं स्वतःचं वजन धरायचंच राहून गेलं होतं. आणि आराखडा एका ड्राफ्ट्समनने केला होता, ज्याच्याकडे ती पात्रताच नव्हती. नोंदवही असून उपयोग झाला नाही, कारण कागद तपासणारं दुसरं कुणी नव्हतं. 1989 च्या कायद्याने तिथे एका इंजिनिअरचं डिझाइन दुसऱ्या स्वतंत्र, मान्यताप्राप्त इंजिनिअरने तपासण्याची सक्ती केली.

भारतात वकिलांसाठी 1961 चा आणि वास्तुविशारदांसाठी 1972 चा केंद्रीय कायदा आहे. इंजिनिअरांची इन्स्टिट्यूशन 1920 मध्ये स्थापन झाली, 1935 मध्ये तिला राजसनद मिळाली. पण ती संस्थेची सदस्यता आहे, परवाना नव्हे. स्थानिक स्वराज्य संस्था आपापल्या याद्या ठेवतात. 2001 च्या भूकंपानंतर गुजरातने 2006 मध्ये सिव्हिल इंजिनिअरांसाठी राज्यापुरता कायदा केला.

ऑस्ट्रेलियात फक्त एका राज्यात कायदा होता म्हणतात. खरं आहे?

हो. क्वीन्सलँडने 1929 मध्ये केला आणि पुढची नव्वद वर्षं सर्व शाखांच्या इंजिनिअरांना बांधणारं ते एकटंच राज्य होतं. 2018 च्या नाताळच्या आदल्या दिवशी सिडनीतल्या ओपल टॉवर या निवासी इमारतीला तडे गेले, सहा महिन्यांत मॅस्कॉट टॉवर्स ही दुसरी इमारतही रिकामी करावी लागली. त्यानंतर इतर राज्यं जागी झाली. व्हिक्टोरियाचा कायदा 2019 चा, न्यू साउथ वेल्सचा 2020 चा.

कारखान्यात किंवा कंपनीत काम करणाऱ्या इंजिनिअरला परवाना लागतो का?

अमेरिकेत बहुधा नाही. कंपनी स्वतःच्या उत्पादनाची जबाबदार असते, मग तिच्या प्रत्येक नोकराला परवाना कशाला, असा युक्तिवाद करून उद्योगांनी कायद्यात सूट मिळवली. त्यामुळे तिथल्या बहुसंख्य इंजिनिअरांकडे परवाना नसतो. गाड्या, विमानं, यंत्रं यांच्या बाबतीत निदान वेगळे सुरक्षा नियम तरी असतात. पण गॅसच्या पाइपलाइन रस्त्याखालून थेट घरांत जातात, आणि बऱ्याच राज्यांत त्यांनाही ही सूट होती.

13 सप्टेंबर 2018 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक खोऱ्यात त्याची किंमत मोजावी लागली. जुनी बिडाची मुख्य लाइन बंद करून नवी टाकायचं काम चालू होतं. गॅसचा दाब मोजून झडपांना कळवणाऱ्या नळ्या त्या जुन्या लाइनलाच जोडलेल्या राहिल्या. कामाच्या कागदांत त्यांचा उल्लेखच नव्हता. जुन्या लाइनमधला दाब उतरला, झडपांना वाटलं गॅस कमी पडतोय, आणि त्या पूर्ण उघडल्या. घराघरांत आगी आणि स्फोट झाले, एक तरुण मेला, अनेक जण जखमी झाले. तो आराखडा परवानाधारक इंजिनिअरने पाहिलेलाच नव्हता. राष्ट्रीय चौकशी संस्थेने सूट काढून टाकायची शिफारस केली आणि वर्ष संपायच्या आत मॅसॅच्युसेट्सने गॅसच्या अशा कामांना परवानाधारकाची सही सक्तीची केली.

न्यू लंडनपासून 81 वर्षं, आणि पुन्हा गॅसच. कारखान्याच्या भिंतीआड राहणाऱ्या यंत्राला सूट देणं मी समजू शकतो. लोकांच्या घरात शिरणाऱ्या पाइपला ती देण्याचं समर्थन मला कुठेच सापडलेलं नाही.

नोंदणी ही इंजिनिअरांची मक्तेदारी नाही का?

तशी ती होऊ शकते, आणि झालेलीही आहे. अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या सदस्यांना कामासाठी दरांची स्पर्धा करायला मनाई केली होती. स्वस्तात काम म्हणजे धोकादायक काम, असं तिचं म्हणणं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई बेकायदा ठरवली.

ऑरेगनमध्ये तर एका नागरिकाने पिवळ्या सिग्नलची वेळ चुकीची आहे असं गणित करून मंडळालाच लिहिलं आणि पत्रात आपण इंजिनिअर असल्याचं म्हटलं. त्याच्याकडे डिग्री होती, परवाना नव्हता. मंडळाने त्याला 500 डॉलरचा दंड ठोठावला. पुढे न्यायालयात हे टिकलं नाही, आणि टिकायला नकोच होतं. आपल्या गणिताबद्दल बोलणं आणि दुसऱ्याच्या घराच्या आराखड्यावर सही करणं यांतला फरक ज्या मंडळाला कळत नाही, ते नोंदणीचंच नुकसान करतं.

एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात चालते का?

आपोआप चालत नाही. 1989 च्या वॉशिंग्टन करारात सहा देशांनी एकमेकांचे अभ्यासक्रम समकक्ष मानले. भारत 2014 मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. पण तो करार शिक्षणापुरता आहे. परवाना ज्या त्या ठिकाणच्या मंडळाकडून मिळवावा लागतो. अमेरिकेत सर्वसाधारणपणे मान्यताप्राप्त डिग्री, पायाभूत परीक्षा, साधारण चार वर्षांचा देखरेखीखालचा अनुभव आणि त्यानंतरची व्यावसायिक परीक्षा असा क्रम असतो. तिथे तर राज्य बदललं तरी नवा अर्ज करावा लागतो.

सॉफ्टवेअर इंजिनिअरांचं काय?

टेक्ससने 1998 मध्ये त्यांना नोंदणी देऊ केली. 2013 मध्ये राष्ट्रीय पातळीवर परीक्षाही सुरू झाली, पण बसणारे इतके मोजके निघाले की 2019 नंतर ती बंद करण्यात आली. कंपनीतल्या नोकरीला परवाना लागत नाही, मग परीक्षा देणार कोण? अडचण त्या सूटीतच आहे. ब्रेक लावणारं, औषधाचा डोस ठरवणारं सॉफ्टवेअर कुणाच्या सहीने बाहेर पडतं, हे आज त्या कंपनीबाहेरच्या माणसाला कोणत्याही नोंदवहीत पाहता येत नाही.